पहिल्या पायरीवरची एडा

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की आमच्या ओपीडीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची काही मुलं-मुली येऊ लागतात. तक्रारी ठरलेल्या असतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोट बिघडतं. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं ठीक निघतं. थोडं बोलतं केलं की कळतं, दुखणं प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलचं आहे. बारावीपर्यंत गणितात नव्वदच्या खाली कधी न आलेली ही मुलं. इथे दहा ओळी लिहिल्या की स्क्रीनवर बारा चुका दिसतात. शेजारी बसलेला मुलगा आठवीपासून कोडिंगच्या क्लासला जात असतो, त्याचं सगळं पाच मिनिटांत होतं. मग आपल्याला हे जमणारच नाही, असा निकाल मूल स्वतःच देऊन मोकळं होतं.

या मुलांना मी झोपेच्या वेळा, चहा-कॉफीचं प्रमाण वगैरे सांगते, पण त्याबरोबर एडा लव्हलेसची गोष्टही सांगते. जगातली पहिली प्रोग्रॅमर म्हणून तिचं नाव बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. पण ती शिकली कशी, कुठे अडखळली आणि शरीराने तिला किती छळलं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. डॉक्टर म्हणून मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

एडाचा जन्म लंडनमध्ये १० डिसेंबर १८१५ रोजी झाला. वडील म्हणजे विख्यात कवी लॉर्ड बायरन. आई अॅनाबेला, श्रीमंत घरातली, शिस्तीची, स्वतः गणिताची आवड असलेली. लग्न जेमतेम वर्षभर टिकलं. एडा पाच आठवड्यांची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. काही महिन्यांत बायरनने इंग्लंड सोडलं, ते कायमचं. १८२४ मध्ये ग्रीसमध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा एडा आठ वर्षांची होती. बापलेकीची भेट पुन्हा झालीच नाही.

नवऱ्याचा स्वभाव म्हणजे एक प्रकारचा वेडेपणा आहे आणि तो मुलीत उतरू शकतो, अशी भीती आईच्या मनात घर करून बसली होती. त्यावर तिने शोधलेला उपाय म्हणजे गणित. कल्पनाशक्तीला लगाम घालायचा तर मुलीला आकडेमोड, भूमिती आणि तर्क यांत गुंतवून ठेवायचं. म्हणजे एडाच्या आयुष्यात गणित आलं ते विषय म्हणून कमी आणि औषध म्हणून जास्त. पुढे अठराव्या वर्षी तिने स्वतःच ब्रायटनच्या डॉ. विल्यम किंग यांना पत्र लिहून गणिताचा अभ्यासक्रम मागितला. मन भरकटू नये म्हणून कठीण विषयात बुडून जाणं एवढाच मार्ग आपल्याला दिसतो, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. डॉक्टरांनी तिला युक्लिडची भूमिती दिली. डॉक्टरांकडे गणित मागणारा पेशंट मला आजवर भेटलेला नाही!

पण मुलगी आईने आखलेल्या चौकटीत मावणारी नव्हती. बाराव्या वर्षी तिने उडण्याचं यंत्र बनवायचा ध्यास घेतला. पक्ष्यांच्या शरीराचा अभ्यास केला, पंख कशाचे करावेत आणि शरीराच्या मानाने ते किती मोठे हवेत याचा हिशेब मांडला. कल्पना आणि हिशेब या दोन गोष्टी आईला वेगळ्या ठेवायच्या होत्या, मुलीच्या डोक्यात त्या हातात हात घालून चालत होत्या.

१८२९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिला गोवर झाला. आज आपण गोवर म्हटलं की लसीकरणाचं कार्ड आठवतो आणि विषय संपवतो. एडाचा गोवर अंगावरच्या पुरळाने संपला नाही. पाय लुळे पडले आणि ती अंथरुणाला खिळली. गोवरानंतर क्वचित मेंदू किंवा मज्जारज्जूला सूज येते आणि अशी लुळेपणाची लक्षणं दिसतात. त्यातच त्या काळी आजाऱ्याला महिनोन्‌महिने पाडून ठेवत, त्यामुळे स्नायूही झिजत. कुबड्या घेऊन ती चालू लागायला सुमारे दोन वर्षं गेली. वाढत्या वयाच्या मुलीची ही दोन वर्षं. या काळात पुस्तकं सुटली नाहीत, एवढीच जमेची बाजू.

५ जून १८३३ रोजी सतरा वर्षांची एडा चार्ल्स बॅबेज यांना भेटली. बॅबेज तेव्हा एकेचाळीस वर्षांचे, विधुर, केंब्रिजमधले गणिताचे प्राध्यापक. काही दिवसांनी मायलेकी त्यांच्या घरी त्यांचं ‘डिफरन्स इंजिन’ पाहायला गेल्या. पितळी चाकांच्या उभ्या रांगा, हँडल फिरवलं की एका सूत्रातले पुढचे पुढचे आकडे आपोआप येत. पूर्ण यंत्राचा तो फक्त एक तुकडा होता. जहाजांना, खगोलशास्त्रज्ञांना, विमा कंपन्यांना लागणारी कोष्टकं तेव्हा माणसं हाताने तयार करत आणि त्यांत चुका असत. त्या चुका टाळणं हा यंत्राचा हेतू. आलेले बहुतेक पाहुणे नवल करून निघून जात, एडाने मात्र आराखडे मागून घेतले.

याच सुमारास मेरी सॉमरव्हिल या विदुषीशी तिचा स्नेह जडला. वैज्ञानिक ग्रंथ लिहिणाऱ्या आणि संसारही सांभाळणाऱ्या या बाईंनी तिला गणितात मदत केली, धीर दिला. १८३४ मध्ये आईबरोबर इंग्लंडमधले कारखाने पाहताना एडाने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारे मागही पाहिले. आपल्याकडे इचलकरंजी, येवल्याच्या विणकरांना ‘जकार्ड’ हा शब्द नवा नाही. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, ते पुठ्ठ्यावरचं भोक ठरवतं. नक्षी बदलायची तर माग बदलावा लागत नाही, पुठ्ठे बदलले की झालं. ही गोष्ट तिच्या डोक्यात राहिली.

१८३५ मध्ये तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नावही विल्यम किंगच, पण हे उमराव घराण्यातले. पुढे १८३८ मध्ये ते अर्ल ऑफ लव्हलेस झाले आणि एडा लेडी लव्हलेस. १८३६, १८३७ आणि १८३९ अशी तीन बाळंतपणं पाठोपाठ झाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती बरेच महिने आजारी होती. तीन लहान मुलं, मोठ्या घरांचा कारभार, खालावलेली तब्येत. आणि अशा वेळी, १८४० मध्ये, चोविसाव्या वर्षी तिने ठरवलं की गणित आता नीट, पायापासून शिकायचं.

शिक्षक मिळाले ऑगस्टस डी मॉर्गन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राध्यापक. यांचा जन्म आपल्याकडे मदुराईचा, १८०६ चा, आणि जन्मानंतर लवकरच त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना हे नाव पहिल्याच वर्षी भेटतं. ‘अमुक आणि तमुक दोन्ही खरं नाही’ याचा अर्थ ‘अमुक खरं नाही किंवा तमुक खरं नाही’, हा जो नियम अट लिहिताना लागतो तो डी मॉर्गन यांच्याच नावाचा.

शिकवणी मुख्यतः टपालाने चाले. एडा पुस्तकातली प्रकरणं वाचायची, गणितं सोडवायची, अडलेलं पत्रात लिहून पाठवायची. ही पत्रं आज उपलब्ध आहेत आणि इतिहासकारांनी ती बारकाईने तपासली आहेत. त्यांत एक जन्मजात प्रतिभावंत सापडेल असं वाटत असेल तर निराशा होईल. सापडते ती एक विद्यार्थिनी. साध्या बीजगणितात ती अडते. एका समीकरणात दुसरं कसं बसवायचं हे तिला कळत नाही. कधी चिन्ह चुकतं, कधी व्याख्या नीट न वाचताच ती पुढे पळते आणि शिक्षक तिला मागे आणतात. ती घाईची होती, डी मॉर्गन सावकाश चालायला सांगत.

एका पत्रात तिने नवशिक्याची जी अडचण मांडली आहे ती मला फार खरी वाटते. दिसायला अगदी वेगळी असलेली दोन सूत्रं मुळात एकच असतात, हे पचवणं ही सुरुवातीच्या मोठ्या अडचणींपैकी एक असते, असं ती म्हणते. तिला गोष्टींतल्या पऱ्या आणि पिशाच्चं आठवतात, आत्ता एका रूपात समोर आणि क्षणात भलत्याच रूपात. पण अडचण कशाची आहे हे तिला शब्दांत सांगता आलं, ही मोठी गोष्ट. पेशंटने नेमकं कुठे आणि कधी दुखतं ते सांगितलं की आमचं निम्मं काम होतं. ‘सगळंच दुखतं’ म्हटलं की आम्ही आणि तो, दोघंही चाचपडतो. शिकण्याचंही तसंच आहे. ‘मला प्रोग्रॅमिंग येत नाही’ हे निदान नाही. ‘मला लूप कुठे थांबतं ते कळत नाही’ हे निदान आहे.

दरम्यान बॅबेज यांनी पहिलं यंत्र अर्धवट सोडून दुसऱ्याचा आराखडा केला होता, ‘अॅनॅलिटिकल इंजिन’. यात आकडे साठवायची जागा वेगळी, आकडेमोड करायची जागा वेगळी आणि हुकूम द्यायला जकार्डसारखे पुठ्ठे. आजच्या कॉम्प्युटरचा सांगाडाच तो. सरकारने पहिल्या यंत्रावर सुमारे १७ हजार पौंड खर्च करून १८४२ मध्ये हात आखडता घेतला, त्यामुळे दुसरं कागदावरच राहिलं. १८४० मध्ये बॅबेज यांनी इटलीत तुरीनला त्याची माहिती दिली होती. तिथल्या लुईजी मेनाब्रेआ या तरुण इंजिनिअरने, जे पुढे इटलीचे पंतप्रधान झाले, त्यावर १८४२ मध्ये फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. यंत्र एवढं ठाऊक असताना स्वतःच का लिहीत नाही, असं बॅबेज यांनी विचारलं तेव्हा तिने भाषांतराला टिपा जोडल्या. ए ते जी अशा सात टिपा. मूळ लेखापेक्षा त्या जवळजवळ अडीच-तीन पट लांब झाल्या. १८४३ मध्ये त्या छापल्या गेल्या, लेखिकेच्या नावाच्या जागी फक्त ए. ए. एल. ही आद्याक्षरं.

शेवटच्या टिपेत ते प्रसिद्ध कोष्टक आहे. बर्नुली संख्या नावाच्या अवघड संख्या यंत्राने कशा काढाव्यात, याच्या २५ पायऱ्या. प्रत्येक पायरीला कोणती क्रिया, कोणत्या रकान्यातले आकडे घ्यायचे, उत्तर कुठे ठेवायचं, हे सगळं आखून दिलेलं. मधल्या अकरा पायऱ्या, १३ ते २३, पुन्हा पुन्हा करायच्या. आजच्या भाषेत हेच लूप.

नवीन मुलांना हमखास अडवणारी एक ओळ असते, ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’. गणितात हे अशक्य. मग प्रोग्रॅममध्ये कसं चालतं? चालतं, कारण इथे एक्स म्हणजे एक डबा आहे. डब्यात असलेला आकडा काढा, त्यात एक मिळवा आणि पुन्हा त्याच डब्यात ठेवा. एडाच्या कोष्टकात यासाठी स्वतंत्र सोय आहे. प्रत्येक रकान्याच्या नावाला डाव्या खांद्यावर एक छोटा अंक लावलेला असतो. रकाना तोच, पण त्यातली ही पहिली किंमत की दुसरी, हे त्या अंकावरून कळतं. ज्या बाईला रूपं बदलणाऱ्या सूत्रांनी तीन वर्षांपूर्वी हैराण केलं होतं, तिच्याच कोष्टकात किंमत कुठे आणि कितव्यांदा बदलली याची नोंद पायरीगणिक आहे.

आणि त्याच कोष्टकात एक चूक आहे. सुरुवातीला २ आणि ४ चा गुणाकार करून ८ हा आकडा तीन रकान्यांत ठेवायचा. चौथ्या रकान्यातून १ वजा केला की ७ उरतात, पाचव्यात १ मिळवला की ९ होतात. पुढच्या, म्हणजे चौथ्या, पायरीला ७ ला ९ ने भागायचं. छापलेल्या कोष्टकात मात्र ९ ला ७ ने भागायचा हुकूम आहे. शेजारी लिहिलेलं सूत्र बरोबर, हुकूम उलटा. यंत्र असतं तर त्याने निमूटपणे उलटा भागाकार करून पुढचं सगळं चुकवलं असतं. जगातला पहिला म्हणून गाजलेला प्रोग्रॅम चुकीसह छापला गेला, हे मी मुलांना आवर्जून सांगते. ते ऐकून त्यांचे खांदे जरा सैल होतात.

श्रेयाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा पायऱ्यांच्या याद्या बॅबेज यांनी स्वतः काही वर्षं आधी करून पाहिल्या होत्या. बर्नुली संख्यांचं बीजगणित आपण तिला करून दिलं, असंही त्यांनी पुढे लिहिलं, आणि त्यातली आपली एक मोठी चूक तिनेच पकडली हेही नोंदवलं. पण यंत्र आकड्यांच्या पलीकडे जाऊ शकतं, नियमांत बांधता येईल असं काहीही, अगदी संगीतसुद्धा, त्याला हाताळता येईल, हे तिने जितकं स्पष्ट मांडलं तितकं त्या वेळी कुणीच मांडलं नव्हतं. यंत्र स्वतःहून काही निर्माण करणार नाही, जे कसं करायचं ते आपल्याला सांगता येतं तेवढंच करील, हा इशाराही तिचाच. शंभरावर वर्षांनी, १९५० मध्ये, अॅलन ट्युरिंग यांनी यंत्रांच्या बुद्धीवर लिहिताना या मुद्द्याला तिच्या नावानिशी उत्तर दिलं. तो वाद आज नव्याने रंगला आहे.

१८४४ मध्ये डी मॉर्गन यांनी एडाच्या आईला एक पत्र लिहिलं. ही विद्यार्थिनी तरुण मुलगा असती, तर पहिल्या दर्जाचा गणिती होण्याचं भाकीत आपण केलं असतं, असं त्यांचं मत होतं. पण एवढा बौद्धिक ताण स्त्रीच्या शरीराला सोसणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती. म्हणून तिच्याविषयीचं आपलं मत त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. लहानपणी औषध म्हणून दिलेलं गणित आता दुखण्याचं कारण ठरवलं जात होतं! बाईच्या दुखण्याचं खापर तिच्या अभ्यासावर, विचार करण्यावर, नोकरीवर फोडायची खोड आमच्या व्यवसायाला फार जुनी आहे. तसं केलं की खरं कारण शोधायचं राहून जातं.

टिपांनंतर तिने मोठं काही लिहिलं नाही. दमा, पोटाचे त्रास, मनाचे चढउतार चालूच होते. त्यावर लॉडेनम, म्हणजे दारूतला अफूचा अर्क, सर्रास दिला जाई. जळवा लावून रक्त काढणं हाही तेव्हाचा मान्य उपचार. घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागला, १८५१ च्या डर्बीत ती मोठी रक्कम हरली, घराण्याचे हिरे गहाण पडले.

त्याच १८५१ मध्ये अंगावरून जास्त रक्त जाऊ लागलं. राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे डॉ. चार्ल्स लोकॉक तिचे डॉक्टर होते. तपासणीत खोल व्रण आढळला. तो गर्भाशयाचा कॅन्सर होता. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो, काहीच उपलब्ध नव्हतं. अफू आणि क्लोरोफॉर्म एवढाच दिलासा. शेवटच्या महिन्यांत आईने घराचा ताबा घेतला आणि जवळच्या बहुतेक मित्रांना भेटायला बंदी केली, बॅबेज यांनाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी एडा गेली. वय ३६, वडील गेले तेव्हा तेही ३६ वर्षांचेच होते. तिच्या इच्छेप्रमाणे नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनॉलच्या चर्चमध्ये तिला वडिलांच्या शेजारी पुरलं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७९ मध्ये आपल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेला ‘एडा’ नाव दिलं. तिच्या मानकाचा क्रमांक १८१५, म्हणजे तिचं जन्मवर्ष.

तिच्या आजाराबाबत मात्र काळ पुष्कळ पुढे आला आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं हे गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या, दोन्ही कॅन्सरचं लक्षण असू शकतं. ते अंगावर काढू नये. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्हीची लस आहे आणि लक्षणं नसतानाही करायची तपासणी आहे. मुंबईत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात व्हिनेगर लावून करायच्या साध्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी करणाऱ्या होत्या थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या.

आणि ओपीडीतल्या त्या मुलांसाठी एवढंच. रात्री जागून दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवू नका. झोप घ्या, सकाळी कागद-पेन्सिल घेऊन एडासारखं कोष्टक आखा. प्रत्येक ओळीनंतर कुठल्या डब्यात कोणता आकडा आहे ते लिहा. चूक कुठल्या पायरीवर आहे ते दिसेल. नाही दिसली तर नेमकी शंका लिहून शिक्षकांकडे जा. आणि शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थी चांगला वाटत असेल तर त्याच्या आईवडिलांना सांगा, पण आधी त्यालाच सांगा.